जोड सिलिंडरचा तोल: आधी वजन किती, मग कुठे

स्कूबा डायव्हिंगमध्ये एका सिलिंडरवरून ट्विनसेटवर, म्हणजे पाठीवरच्या जोड सिलिंडरांवर, आलेल्यांची तक्रार जवळपास ठरलेली असते. पाय बुडतात, नाहीतर डोकं खाली जातं, आणि स्टॉपवर, म्हणजे वर येताना घ्यायच्या थांब्यावर, एका जागी थांबता येत नाही. मग शिशाची हलवाहलव सुरू होते. पट्ट्यावरचं काढून घोट्याला, घोट्याचं काढून पाठीला. यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत कालवले जातात: एकूण वजन किती हवं, आणि ते कुठे बसवायचं. पहिल्याचं उत्तर पक्कं नसताना दुसऱ्याला हात घातला की दर डायव्हला नवं गणित मांडावं लागतं. जास्तीचा प्रत्येक किलो विंगमध्ये, म्हणजे पाठीवरच्या फुगणाऱ्या पिशवीत, हवा भरून उचलावा लागतो आणि ती हवा विंगमध्ये इकडून तिकडे पळते. पाय बुडण्याचं खापर सिलिंडरवर फुटतं, पण बरेचदा दोष त्या पळणाऱ्या हवेचा असतो.

खालच्या पायऱ्या ट्विनसेटचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी किंवा प्रशिक्षकासोबत ते घेत असलेल्यांसाठी आहेत. क्रम मोडू नका.

## वजन कोणत्या क्षणासाठी ठरवायचं

डायव्हच्या शेवटच्या स्टॉपसाठी. सिलिंडर जवळपास रिकामे, विंग रिकामी, खोली ३ ते ६ मीटर, आणि तुम्ही ना बुडताय ना वर जाताय. हीच कसोटी.

कारण वायूलाही वजन असतं. हवा लीटरला साधारण १.२ ग्रॅम भरते. १२ लीटरच्या दोन सिलिंडरांमध्ये २०० बार दाबाने सुमारे ४,८०० लीटर हवा मावते, म्हणजे साधारण ५.८ किलो. डायव्ह संपेपर्यंत यातलं बहुतेक वजन बुडबुड्यांवाटे निघून जातं. म्हणून भरल्या सिलिंडरांनी पाण्यात उतरताना साडेपाच-सहा किलो जड असणं चूक नव्हे, ते तसंच असायला हवं. सुरुवातीला अधांतरी तरंगायला जमेल इतकंच शिसं घेणारा डायव्हर शेवटी रबरी चेंडूसारखा वर निघतो.

ट्रायमिक्स (ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजनचं मिश्रण) वापरत असाल तर हे आकडे बदलतात. १८/४५ (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम) मिश्रण हवेच्या जवळपास ६० टक्केच वजनाचं असतं, त्यामुळे सुरुवातीचा जडपणा कमी राहतो. शेवटचं गणित मात्र फारसं हलत नाही.

## पाण्यात जाण्याआधीचा एक निर्णय

ट्विनसेट, जाड वेटसूट (निओप्रीनचा, आत पाणी शिरणारा सूट) आणि खोल पाणी हे त्रिकूट धोक्याचं आहे. निओप्रीनमधले बुडबुडे खोलीवर दबतात, आणि ३० मीटरवर सूटची निम्म्याहून अधिक उचल गेलेली असते. समजा ७ मिलिमीटरचा सूट वर ७ किलो उचलतो आणि खाली त्यातले ४ किलो गेले. त्यात वायूचे ५.८ किलो मिळवा. तळाशी तुम्ही दहा किलोने जड आहात, आणि विंग फाटली तर ते दहा किलो फक्त पायांच्या बळावर वर न्यायचे आहेत. बहुतेकांना ते जमत नाही.

स्टीलच्या सिलिंडरांत ही अडचण आणखी टोकदार होते. ते बरेचदा रिकामे असतानाही बुडतात, त्यामुळे अंगावर काढून टाकण्यासारखं शिसंच उरत नाही. ॲल्युमिनियमच्या ११.१ लीटर सिलिंडरचं उलट आहे. समुद्राच्या पाण्यात ते भरलेलं असताना साधारण ०.६ किलो जड, तर रिकामं झाल्यावर जवळपास २ किलो हलकं असतं. ते तोलायला शिसं लागतं, आणि त्यातलं काही गरज पडल्यास टाकता येतं.

त्यामुळे वेटसूट असेल तर ॲल्युमिनियम आणि थोडं टाकता येणारं शिसं. स्टीलच हवं असेल तर ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरता येणारा सूट), कारण विंग गेली तरी सूटमध्ये हवा भरून वर येता येतं. दुसरं काही जुळवत बसू नये.

## पायरी १: साहित्य आणि जागा

तपासणीच्या दिवशी अंगावर तेच सगळं हवं जे खऱ्या डायव्हला असतं. तोच आतला गरम सूट, तेच फिन्स, तोच हूड, तोच बॅटरीवाला दिवा. आतल्या सूटचा नुसता एक थर बदलला तरी एक-दोन किलोंचा फरक पडतो.

बरोबर घ्यायचं:

- अर्ध्या आणि एका किलोचे शिशाचे तुकडे, जाळीच्या पिशवीत, एकूण ६ किलो तरी
- २५ किलोपर्यंतचा लटकवायचा काटा
- मोजपट्टी, न पुसणारा मार्कर, पाण्याखाली लिहायची पाटी
- कॅमेरा धरणारा जोडीदार
- रेग्युलेटर लावलेलं एक वेगळं भरलेलं सिलिंडर

जागा ४-५ मीटर खोल, सपाट तळाची, लाटा नसलेली. तळापासून बोयापर्यंत ताणलेला एक दोर असावा.

सावधान: ही तपासणी ४०-५० बारवर करायची असते. त्यामुळे वेगळं सिलिंडर दोराला हाताच्या अंतरावर बांधलेलं हवं, आणि जोडीदाराकडे स्वतःचा भरपूर वायू हवा. यापैकी एक जरी नसेल तर तपासणी पुढे ढकला.

## पायरी २: हार्नेस कोरड्यात बसवा

हार्नेस, म्हणजे किट अंगाला बांधणारे पट्टे, सैल असेल तर सिलिंडर पाण्यात स्वतःच्या मर्जीने सरकतात. मग आज जुळलेलं उद्या जुळत नाही. शिशाला हात लावण्याआधी हे उरकून घ्या.

सूट घालून उभे राहा आणि कुणाला तरी ट्विनसेट मागून उचलून धरायला सांगा. खांद्याच्या पट्ट्यांखाली छातीपाशी तीन-चार बोटं सहज जावीत, पण मूठ जाऊ नये. पट्टे लांब ठेवले की सिलिंडर ढुंगणाकडे घसरतात आणि पाय जड होतात. फार आखडले की किट अंगातून निघत नाही आणि हात मागे व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. दोन पायांमधून जाणारा क्रॉच स्ट्रॅप ताठ हवा, वाकल्यावर खुपेल इतका नव्हे. प्लेट (सिलिंडर आणि हार्नेस जिला जोडतात ती पाठीवरची बॅकप्लेट) डोक्याकडे सरकू न देण्याचं काम तोच करतो, आणि नेमका तोच बहुतेकांचा ढिला असतो.

तपासणी: आता उजवा व्हॉल्व्ह, डावा व्हॉल्व्ह आणि मधला आयसोलेटर (दोन सिलिंडरांमधला वायूचा मार्ग बंद करणारा व्हॉल्व्ह) एकेका हाताने पूर्ण बंद करून परत पूर्ण उघडा. कोरड्यात जमत नसेल तर ड्रायसूट आणि हातमोज्यांसह पाण्यात जमणार नाही. हात पोचण्याची ही अट पुढच्या प्रत्येक बदलावर भारी आहे. ट्रिम, म्हणजे पाण्यातला आडवा तोल, कितीही सुरेख साधलं तरी व्हॉल्व्ह हाताला लागत नसतील तर तो सेट चुकीचाच बसला आहे.

## पायरी ३: किट काट्यावर टांगा

हे फार थोडे जण करतात, पण दहा मिनिटांत निम्मा गोंधळ मिटतो. विंगमधली हवा पूर्ण काढा. मग प्लेट, सिलिंडर, रेग्युलेटर असं अख्खं किट काट्याला अडकवून पूर्ण पाण्याखाली सोडा. काटा दाखवतो ते त्याचं पाण्यातलं वजन. ते आणि गेजवरचा दाब पाटीवर लिहा. प्लेटमुळे खूप फरक पडतो. स्टीलची साधी प्लेट अडीच-तीन किलोंची असते, ॲल्युमिनियमची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. शिसं कमी करायचं असेल तर प्लेट बदलणं हा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे, कारण ते वजन पाठीला चिकटून आणि मध्यभागी बसतं.

दुसरी चाचणी भरल्या सिलिंडरांची. किटवरचं सगळं शिसं तसंच ठेवून विंग पूर्ण फुगवा आणि किट एकटं पाण्यावर सोडा. ते स्वतःला सहज तरंगवत असेल तर त्या किटपुरती विंग पुरेशी आहे. वेटसूट असेल तर खोलीवर जाणाऱ्या उचलीचे किलोही तिच्या क्षमतेत बसले पाहिजेत. मात्र "असू दे जास्तीची" म्हणून प्रचंड विंग घेऊ नका. तिच्या घड्यांत हवा अडकते आणि नेमकी हवा सोडायच्या वेळी बाहेर येत नाही.

## पायरी ४: एकूण वजन ठरवा

सिलिंडर ४०-५० बारवर आणून दोराशी ३ मीटरवर या.

१. उभे होऊन इन्फ्लेटरचा (विंगमध्ये हवा भरायचा-सोडायचा) पाइप वर धरा आणि विंग रिकामी करा. मग पालथे होऊन डावी बाजू किंचित उचला आणि विंगचा मागचा डंप (हवा सोडायचा व्हॉल्व्ह) ओढा. एखादा शेवटचा बुडबुडा हमखास निघतो. नाही निघाला तरी दोनदा ओढा.

२. ड्रायसूटचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून डावं कोपर वर करा. सूट अंगाला घट्ट आवळला जाईपर्यंत हवा काढू नका. लांब स्टॉपवर ऊब राहील इतकी हवा आत हवी. आवळलेल्या सूटवर ठरवलेलं वजन थंड पाण्यात अर्ध्या तासाने हमखास कमी पडतं.

३. दोरापासून बोटभर अंतरावर, हातपाय न हलवता, नेहमीसारखा श्वास घेत थांबा. श्वास कधीही रोखायचा नाही. आत घेताना हळू वर, सोडताना हळू खाली, आणि सरासरी जागच्या जागी, असं व्हायला हवं.

४. खाली जात असाल तर जोडीदार अर्धा किलो काढेल, वर जात असाल तर अर्धा किलो देईल. प्रत्येक बदलानंतर पाच-सहा श्वास थांबा. घाईत एकदम दोन किलो हलवू नका.

इथे सगळ्यात जास्त फसवतात ते पाय. अस्वस्थ डायव्हर नकळत हळूहळू फिन मारत राहतो. पाय खाली असले तर प्रत्येक फटका त्याला वर ढकलतो, आणि वजन कमी पडतंय असं त्याला वाटतं. जोडीदाराने फक्त फिन्सवर नजर ठेवावी. फिन्स हलली की ती फेरी रद्द.

जुळलेल्या आकड्यात एक दुरुस्ती करा. १२ लीटरच्या जोडीत दर १० बारमागे साधारण ०.३ किलो वायू असतो. चाचणी ५० बारवर झाली आणि अडचणीच्या वेळी २० बारवरही स्टॉप पाळता यायला हवा असेल, तर ०.९ किलो, म्हणजे सरळ एक किलो वाढवा. याच्या पलीकडे "सुरक्षिततेसाठी" म्हणून आणखी काही जोडू नका. तो किलो तळाशी विंगमध्ये हवा बनून बसतो.

गोड्या पाण्यात जुळलेलं वजन समुद्रात चालत नाही. डायव्हर आणि किट मिळून १३० किलो असेल तर समुद्रात साधारण ३ किलो जास्त लागतात. उलट जाताना तेवढे काढायचे.

## पायरी ५: तोल तपासा, पण आधी शरीर

वजन पक्कं झालं. आता ते कुठे, हा प्रश्न. तरीही लगेच शिसं हलवायचं नाही, कारण अर्धाअधिक तोल शरीराच्या ठेवणीत असतो आणि तो फुकट मिळतो.

पालथे, मांड्या धडाच्या रेषेत, गुडघे काटकोनात, फिन्स पाण्याला समांतर. कंबर किंचित आत, ढुंगण आवळलेलं. हात पुढे, कोपरं सैल. नजर समोर, तळाकडे नाही. मान खाली गेली की छाती खाली जाते, आणि छाती गेली की पाय वर उचलले जातात. लोक याला "डोकं जड आहे" म्हणतात आणि मागच्या बाजूला शिसं लावतात.

आता तीस सेकंद पूर्ण स्तब्ध. जोडीदाराने बाजूने, तुमच्याच पातळीवरून व्हिडिओ घ्यायचा. वरून किंवा समोरून घेतलेला काही कामाचा नाही. स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका. ट्विनसेटवर नव्या माणसाला आपण सपाट आहोत असं वाटतं तेव्हा तो बरेचदा तिरका असतो.

पाय हळूच खाली जाताहेत? गुडघे आणखी दुमडा, हात आणखी पुढे लांबवा, परत तीस सेकंद. डोकं खाली जातंय? पाय थोडे सरळ करा, हात जवळ घ्या. एवढ्याने तोल साधत असेल आणि ती ठेवण तासभर आरामात टिकवता येत असेल, तर इथेच थांबा. धडपडून टिकवावी लागत असेल तरच पुढची पायरी.

## पायरी ६: वजनाची जागा बदला

कावडीचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं. वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर. फिन्स पाण्यात अर्धा किलो जास्त जड असतील आणि बेंबीपासून ६० सेंटिमीटरवर असतील, तर ते तोलायला खांद्याकडे ३० सेंटिमीटरवर एक किलो लागेल. म्हणून फिन्स बदलणं हा छोटा वाटणारा बदल खरं तर मोठा असतो.

पाय बुडत असतील तर, याच क्रमाने:

कमरेच्या पट्ट्यावरचं शिसं काढून दोन सिलिंडरांच्या मधल्या खाचेत, प्लेटच्या वरच्या भागात न्या. या खाचेत बसणारी लांब पट्टी मिळते, तिला व्ही-वेट म्हणतात. ती जास्तीचं शिसं म्हणून नाही, आहे त्याच शिशाची जागा बदलायला वापरायची. तरीही फरक उरला तर हलक्या फिन्सचा विचार करा. त्यानंतर सिलिंडर दोन सेंटिमीटर वर घ्या.

डोकं बुडत असेल, पाय वर येत असतील तर:

आधी ड्रायसूटच्या पायांत साचलेली हवा पाहा. पोटरीवर घट्ट गेटर (सूटवरून चढवायची आवरणं) लावले की बरेचदा प्रश्न मिटतो. नाहीतर व्ही-वेट खाली सरकवा किंवा एक-दोन किलो प्लेटच्या खालच्या टोकाला अडकवा. रबराच्या जड फिन्स हा त्यापुढचा उपाय. घोट्याला शिसं बांधणं अगदी शेवटी, आणि खरं तर नकोच: प्रत्येक किकला ते वजन ओढावं लागतं.

सिलिंडर वर-खाली सरकवताना

बॅकप्लेटची बोल्टची भोकं ठरलेली असतात, म्हणून सिलिंडर हलवायचे तर त्यांना जोडून धरणारे बँड हलवावे लागतात. आणि दिशा उलटी असते. सिलिंडर डोक्याकडे न्यायचे असतील तर बँड सिलिंडरच्या बुडाकडे सरकवायचे. जाणतेही इथे चुकतात. दोन सेंटिमीटर सुधारायला गेले आणि दोन उलटे गेले, मिळून चारची चूक.

सिलिंडर रिकामे करा, सपाट फरशीवर उभे करा. बँडच्या वरच्या कडेशी मार्करने दोन्ही सिलिंडरांवर खूण करा. दोन्ही बँड सारख्याच अंतराने हलवा म्हणजे बोल्टमधलं अंतर तेच राहील. घट्ट करताना दोन्ही बुडं फरशीला टेकलेली हवीत. एक बूड केसभर जरी उचललेलं राहिलं तरी मॅनिफोल्डला, म्हणजे दोन सिलिंडर जोडणाऱ्या नळीला, पीळ बसतो. हाताची सवय नसेल तर हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

तपासणी: सिलिंडर वर घेतल्यावर मान मागे टाकून बघा. डोकं मॅनिफोल्डला आपटत असेल तर जास्त वर गेलेत. खाली घेतले असतील तर पायरी २ची व्हॉल्व्ह-तपासणी परत करा.

## पायरी ७: एका कुशीवर कलत असाल तर

उजव्या कमरेला बॅटरीचा डबा असतो, म्हणून थोडा उजवा कल येतो. डाव्या बाजूला अर्धा किलो पुरतं. डावीकडे स्टेज (कुशीला लटकवायचं जादा) सिलिंडर नेणार असाल तर तेही नको.

कल अचानक, चालू डायव्हमध्ये आला तर मात्र शिशाचा विचार सोडा आणि आयसोलेटरला हात घाला. तो चुकून बंद राहिला असेल तर तुम्ही एकाच सिलिंडरमधून श्वास घेताय. १०० बारचा फरक पडला की एक बाजू १.४ किलोने हलकी होते आणि भरल्या बाजूला शरीर कलतं. गेज न वापरलेल्या सिलिंडरवर असेल तर काटा जागचा हलतच नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं वायू भरपूर आहे.

## पायरी ८: भरल्या सिलिंडरांनी आणि स्टेजसह फेरतपासणी

पुढच्या डायव्हला भरल्या सिलिंडरांनी ५ मीटरवर परत तीस सेकंद थांबा. थोडा फरक दिसेल. ॲल्युमिनियमच्या जोडीत तो जास्त जाणवतो. वायू जातो तसा बुडाचा भाग हलका होतो, कारण मॅनिफोल्ड आणि रेग्युलेटरचं वजन डोक्याकडेच राहतं. डायव्हच्या दोन्ही टोकांना अगदी सपाट राहणं शक्य नसतं. शेवट सपाट ठेवा आणि सुरुवातीला पाय किंचित जड असले तर चालवून घ्या. तेव्हा तुम्ही पोहत असता, स्टॉपवर लटकत नसता.

स्टेज ॲल्युमिनियमचं असेल तर भरलेलं थोडं बुडतं, आणि संपत आलं की त्याचं बूड वर यायला लागतं. एकूण वजन स्टेजशिवायच ठरवा. नंतर रिकाम्या स्टेजसह ३ मीटरवर परत थांबून पाहा. थांबता येत नसेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढवा, आणि तो आकडा "स्टेजसह" म्हणून वेगळा नोंदवा.

नोंदीत लिहायचं: सिलिंडरचा प्रकार, प्लेट, सूट आणि आतला थर, फिन्स, पाणी गोडं की खारं, चाचणीच्या वेळचा दाब, एकूण शिसं आणि ते कुठे, बँडच्या खुणेचं सिलिंडरच्या बुडापासूनचं अंतर. सूट, आतला थर, सिलिंडर, प्लेट किंवा पाणी बदललं तर पायरी ४ पासून पुढे सगळं. फिन्स जड-हलकी झाली तर पायरी ४ झटपट उरकून ५ आणि ६ नीट करा. हार्नेसचा पट्टा नुसता इंचभर हलवला असेल तरी पायरी २ची व्हॉल्व्ह-तपासणी पाण्यात उतरण्याआधी करा.